मूडल वर्कशॉपमध्ये सहाध्यायी मूल्यमापन: सगळेच एकमेकांना ४० पैकी ३८ देतात, उपाय काय?

अर्धाखडू

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग, १२० विद्यार्थी. प्रत्येकाने साधारण १५०० शब्दांचा अहवाल लिहायचा आणि सहाध्यायांनी तो मूडलच्या (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) वर्कशॉप या सोयीतून तपासायचा, अशी मांडणी आहे. अहवालाला ४० गुण, तपासण्याच्या कामाला १०. प्रत्येक अहवाल तिघांकडे जातो. निकष १२, प्रत्येकाला एक ते पाच गुण आणि खाली एक अभिप्रायाची चौकट.

निकाल बघितला तर बहुतेक अहवालांना ३६ ते ३९. अभिप्रायात "छान लिहिलंय", "मांडणी चांगली". आणि खरी अडचण पुढेच आहे: ज्या थोड्या जणांनी मन लावून तपासून २४-२५ दिले, त्यांनाच तपासणीच्या १० पैकी कमी गुण मिळतात. हे गणित नेमकं चालतं कसं? तपासणारे तीनऐवजी पाच केले तर फरक पडेल का? नावं झाकायची सोय आहे म्हणतात, पण अहवाल उघडला की कोणाचा ते लगेच कळतं. शिवाय पुढच्या सत्रात चौघाचौघांच्या गटाने करायचा प्रकल्प आहे, तिथे हेच वापरता येईल का?

क्रॉनचालू

गणितापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

वर्कशॉपला तुमच्या वर्गातलं खरं-खोटं कळत नाही. त्याची पद्धत अशी: एका अहवालावर आलेल्या सगळ्या तपासण्यांची सरासरी काढायची, तिच्या सर्वांत जवळची तपासणी 'उत्तम' धरायची, तिला पूर्ण गुण द्यायचे, आणि बाकीच्या तिच्यापासून जितक्या लांब तितके त्यांचे गुण कापायचे. प्रत्यक्षात हा हिशोब एकूण गुणांवर नसून एकेका निकषावर होतो, पण समजण्यापुरते एकूण आकडे घेऊ. समजा एका अहवालाला ३८, ३८, ३८ आणि २४ मिळाले. सरासरी ३४.५. जवळची कोण? ३८ वाली. म्हणजे न वाचता गुण वाटणाऱ्या तिघांना पैकीच्या पैकी, आणि वाचून २४ देणाऱ्याचा खिसा रिकामा. यंत्रणा बिघडलेली नाही. ती फक्त एकमत मोजते, आणि आपण त्याला गुणवत्ता समजून बसतो.

दोनच तपासनीस ठेवले तर आणखी गंमत. दोघंही सरासरीपासून सारख्याच अंतरावर, म्हणून दोघंही 'उत्तम'. एकाने ४० दिले नि दुसऱ्याने ५, तरी दोघांना पूर्ण गुण.

यावर वर्कशॉपच्या आतलाच उपाय म्हणजे वजन. प्रत्येक तपासणीला ० ते १६ वजन देता येतं, नेहमीचं १ असतं. वरच्याच उदाहरणात तुम्ही स्वतः अहवाल वाचून २५ दिलेत आणि त्या तपासणीचं वजन १६ केलंत, तर सरासरी ५३८ भागिले २०, म्हणजे २६.९. आता जवळची तपासणी तुमची. २४ वाला तुमच्यापासून एकाच गुणावर, आणि ३८ वाले तेरा गुण लांब. वजन बदललं की ग्रेडिंग इव्हॅल्युएशनच्या पानावर 'रीकॅल्क्युलेट' दाबायला विसरू नका, नाहीतर जुनेच आकडे दिसत राहतात. त्याच पानावर तुलना किती कडक ठेवायची याची पाच टप्प्यांची निवड आहे, 'व्हेरी लॅक्स'पासून 'व्हेरी स्ट्रिक्ट'पर्यंत. घाऊक गुणवाटप चालू आहे असं दिसत असताना ती कडक करणं म्हणजे प्रामाणिकांना दुप्पट दंड. अशा वेळी 'लॅक्स' ठेवा.

१२० अहवाल तुम्ही वाचणार नाही, वाचूही नये. पण जिथे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांत १० पेक्षा जास्त फरक आहे तेवढे वाचा, आणि जिथे सगळे ३८ च्या वर आहेत त्यातले आठ-दहा चिठ्ठी टाकून उचला. हे तुम्ही करणार आहात असं आधी जाहीर करा. किती उचलणार ते सांगू नका.

रुब्रिकवेडी

क्रॉनचालू यांचं गणित बरोबर, पण वजनाचा खेळ हा नंतरचा इलाज. रोग फॉर्ममध्ये आहे. १२ निकष आणि एक ते पाच गुण हे कोणाहीसमोर ठेवा, चौथ्या निकषापासून माणूस डोळे मिटून चार-चार टाकत जातो.

नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि ज्यूडी गोल्डफिंच यांनी २००० साली ४८ अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले. विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे गुण यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.६९ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी), म्हणजे विद्यार्थी वाटतात तितके वाईट परीक्षक नसतात. त्यातलीच दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे: नीट समजलेले निकष समोर ठेवून एकंदर निर्णय द्यायला सांगितला की शिक्षकांशी जास्त जुळतं, सुटे सुटे बारीक गुण द्यायला लावले की कमी. तेव्हा १२ चे ५ करा.

आणि 'विश्लेषण: १ ते ५' हा निकष नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. वर्कशॉपमध्ये ग्रेडिंग स्ट्रॅटेजी 'रुब्रिक' निवडा आणि प्रत्येक पातळीवर डोळ्यांना काय दिसलं पाहिजे ते लिहा. उदाहरणार्थ 'दाव्याला आधार' या निकषाच्या चार पातळ्या:

० गुण: मुख्य दाव्याला आकडा, उदाहरण किंवा संदर्भ यातलं काहीच नाही.
३ गुण: आकडा किंवा उदाहरण आहे, पण ते कुठून आलं हे दिलेलं नाही.
६ गुण: स्रोत दिलाय, पण त्यावरून दावा कसा सिद्ध होतो हे वाचकानेच जुळवून घ्यायचं.
८ गुण: स्रोत आहे, आणि त्यातून निष्कर्ष कसा निघतो हे लेखकाने एक-दोन वाक्यांत लिहिलंय.

पातळ्या चारच का? पाच ठेवल्या की निम्मा वर्ग मधल्या खुर्चीवर जाऊन बसतो. आणि तिसऱ्या-चौथ्या पातळीतला फरक 'चांगलं' आणि 'उत्तम' अशा विशेषणाचा नको, असलेल्या-नसलेल्या गोष्टीचा हवा. प्रत्येक निकषाला ८, पाच निकष, झाले ४०.

अभिप्रायाची चौकट नुसती मोकळी सोडू नका. त्यात प्रत्येक निकषासाठी तीन गोष्टी मागा: परिच्छेद क्रमांक, तिथे काय अडखळलं, आणि त्याऐवजी काय करता येईल. "मांडणी चांगली" हे या साच्यात बसतच नाही. "परिच्छेद ४: तक्ता २ मध्ये वाढ दिसते आणि मजकूर घट म्हणतो; दोन्हीपैकी कोणतं बरोबर ते तपासून वाक्य बदला" हे बसतं. यासाठी अहवालाच्या साच्यातच परिच्छेदांना क्रमांक द्यायला लावा, नाहीतर तपासणारा मोजत बसेल.

यानंतर सराव. वर्कशॉपच्या सेटिंगमध्ये 'एक्झाम्पल सबमिशन्स' चालू करा आणि तीन नमुने टाका: एक कच्चा, एक मधला, आणि एक दिसायला देखणा पण आतून पोकळ. तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण छान फॉन्ट आणि रंगीत आलेख पाहून भुलायचं नाही हे तोच शिकवतो. तिन्हींची तपासणी आधी तुम्ही करून ठेवायची. विद्यार्थ्याने केली की त्याला आपले आणि तुमचे गुण शेजारीशेजारी दिसतात. हा सराव सहाध्यायांचं तपासण्याआधी सक्तीचा करता येतो, तसाच करा. याचे गुण कुठे धरले जात नाहीत, त्यामुळे चुकायला भीती नाही. वर्गात अर्धा तास काढून तिसऱ्या नमुन्यावर वाद घालू दिलात तर आणखी चांगलं. तिथेच रुब्रिकमधलं एखादं संदिग्ध वाक्य सापडतं आणि वेळेत दुरुस्त होतं. एकदा असेसमेंटचा टप्पा सुरू झाला की फॉर्मला हात लावू नका. अर्ध्या वर्गाने जुन्या फॉर्मवर आणि अर्ध्याने नव्या फॉर्मवर दिलेले गुण एकत्र धरताच येत नाहीत.

मधलाआकडा

तपासणारे किती, यावर थोडं. एकाचे गुण म्हणजे लहर, दोघांचे म्हणजे भांडण. तिघांपासून मध्यक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यायला अर्थ येतो, आणि चार किंवा पाच असले तर एखादा गळाला तरी चालतं. एक अहवाल नीट तपासायला २५ मिनिटं धरा. चार म्हणजे १०० मिनिटं, पाच म्हणजे दोन तासांच्या वर. शेवटच्या अहवालाच्या वाट्याला काय येतं हे कोणीही ओळखेल. मी चारवर थांबेन.

वर्कशॉप अहवालाचे गुण काढताना सरासरी घेतं, मध्यक नाही. ३२, ३०, ३१ आणि १४ आले तर सरासरी २६.७५, मध्यक ३०.५. जवळपास चार गुणांचा फरक एका माणसामुळे. पण म्हणून १४ वाल्याचं वजन डोळे झाकून शून्य करू नका. आधी त्याचा अभिप्राय वाचा. कधी कधी तो एकटाच असतो ज्याला अर्धा अहवाल दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला दिसलेला असतो.

आता वाटप, म्हणजे कोणाचा अहवाल कोणाकडे. सबमिशन बंद होता क्षणी वाटप होऊ देणं हीच नेहमीची चूक. 'शेड्यूल्ड अलोकेशन' दिसायला सोयीचं आहे, पण ते चालायला अंतिम वेळ भरलेली हवी आणि सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) चालू हवा, आणि उशिरा दिलेले अहवाल त्यात येतच नाहीत, ते एकेक करून मॅन्युअल अलोकेशनमध्ये टाकावे लागतात. त्यापेक्षा सोमवारी रात्री सबमिशन बंद, मंगळवार सवलतीचा, बुधवारी सकाळी रँडम अलोकेशन स्वतः चालवा, आणि तपासणीला पुढच्या बुधवारपर्यंत सात दिवस. 'अहवाल न देता तपासता येईल' ही खूण काढलेली ठेवा. वाटपात 'प्रत्येक अहवालाला ४' आणि 'प्रत्येक तपासनीसाला ४' असे दोन पर्याय असतात. अहवालाला धरून मोजा, म्हणजे कुणाचा अहवाल उपाशी राहत नाही.

ज्यांच्याकडे मूडल नाही त्यांच्यासाठी गूगल फॉर्म आणि स्प्रेडशीटवर हेच जमतं. ज्यांचे अहवाल आलेत तेवढीच नावं घ्या, समजा ११३. शेजारच्या रकान्यात रँड फंक्शनने आकडे काढा, कॉपी करून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा (हे विसरलात तर शीटला हात लावाल तेव्हा सगळा क्रम बदलेल), त्यानुसार यादी लावा आणि १ ते ११३ क्रमांक द्या. मग प्रत्येकाने आपल्या क्रमांकात १, ७, १९ आणि ४३ मिळवून येणारे चार अहवाल तपासायचे. बेरीज ११३ च्या पुढे गेली तर ११३ वजा. यात स्वतःचा अहवाल स्वतःकडे येत नाही, आणि 'तू माझा, मी तुझा' अशी जोडीही पडत नाही, कारण या चारपैकी कोणत्याही दोन आकड्यांची, किंवा एकाच आकड्याची दुप्पट केली तरी, बेरीज ११३ होत नाही. १, २, ३, ४ असे सलग आकडे नकोत. मग शेजारी बसलेले अहवाल त्याच त्याच टोळक्याकडे जातात.

रुब्रिकवेडी यांच्याशी एका बाबतीत जमत नाही. एवढं सगळं करूनही सहाध्यायांचे गुण ४० पैकी ४० धरू नयेत. ते २० धरा, उरलेले २० सुधारित अहवालावर तुम्ही द्या.

अर्धाखडू

सुधारित अहवाल म्हणजे पुन्हा १२० वाचायचे? मग सहाध्यायी मूल्यमापन करून वाचवलं काय?

मधलाआकडा

सगळा नाही वाचायचा. सुधारित अहवालासोबत एक पानी तक्ता मागा, तीन रकाने: आलेला अभिप्राय, मान्य की अमान्य, आणि काय बदललं किंवा का नाही बदललं. तुम्ही तक्ता वाचायचा आणि त्यात सांगितलेले दोन परिच्छेद उघडून बघायचे. एका विद्यार्थ्याला पाच-सात मिनिटं. वर्कशॉपमध्ये लेखकाने तपासणाऱ्याला उत्तर द्यायची जागा नाही, म्हणून हे वेगळ्या असाइनमेंटमध्ये घ्यावं लागतं. 'अमान्य' लिहायला परवानगी आहे हे ठळकपणे सांगा. नाहीतर चुकीचा सल्लासुद्धा मुकाट अंमलात आणला जातो आणि बरा असलेला अहवाल बिघडतो.

रुब्रिकवेडी

२० चा मुद्दा मान्य. पण मग तपासणीचे १० गुणही वर्कशॉपच्या 'उत्तम तपासणी'वर ठेवू नका. चारही तपासण्या वेळेत पूर्ण केल्या तर ४, आणि चारपैकी कोणतीही एक तुम्ही उघडून अभिप्रायाचा दर्जा पाहून ६. परिच्छेद क्रमांक आहे का, अडचण नेमकी आहे का, सुचवलेला बदल करण्याजोगा आहे का, प्रत्येकाला २. यात कडक असण्याची शिक्षा होत नाही आणि सढळ असण्याचं बक्षीसही मिळत नाही.

क्रॉनचालू

चालेल. मूडलच्या ग्रेडबुकमध्ये वर्कशॉपचे दोन रकाने येतात, अहवालाचा आणि तपासणीचा. तपासणीचा तिथे शून्य वजनाने ठेवा आणि हे १० हाताने वेगळ्या रकान्यात भरा. वर्कशॉप 'क्लोज्ड' केल्याशिवाय गुण ग्रेडबुकात जात नाहीत, त्यामुळे घाई करून बंद करू नका. आधी मोठ्या फरकाचे अहवाल निपटा.

नावांबद्दल. लेखकाचं नाव आणि तपासणाऱ्याचं नाव दिसणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, 'व्ह्यू ऑथर नेम्स' आणि 'व्ह्यू रिव्ह्यूअर नेम्स'. त्या वर्कशॉपच्या परमिशन्समध्ये जाऊन विद्यार्थ्याच्या भूमिकेसाठी दोन्ही बंद करा, आणि मग एखादं चाचणी खातं विद्यार्थी म्हणून घालून स्वतः बघा. सेटिंगच्या पानावर याची खूण नसल्यामुळे हे हमखास राहून जातं.

एवढं करूनही नाव गळतं ते तीन जागांहून. पहिली फाइलचं नाव, कारण वर्कशॉप ते बदलत नाही, 'अहवाल.पीडीएफ' एवढंच ठेवायला सांगा. दुसरी मुखपृष्ठ, जिथे हजेरी क्रमांक सवयीने टाकला जातो. साच्यातून मुखपृष्ठच काढून टाका. तिसरी फाइलच्या आतली माहिती. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं जाऊन लेखकाचं नाव काढायचं आणि मग पीडीएफ करायची. विषय प्रत्येकाने आपापला निवडलेला असेल तर मात्र काहीही झाकून उपयोग नाही. वर्गाला माहीत असतं कोण कशावर लिहितंय. अशा वेळी तपासणाऱ्याचं नाव झाकणं पुरे. दबाव त्याच्यावर येतो.

आणखी एक. चॅटबॉटने लिहिलेले अभिप्राय हल्ली येतातच. परिच्छेद क्रमांक आणि तक्ता-आकृतीचा उल्लेख मागितला की निम्मे गळतात, कारण अहवाल न वाचता मागितलेला अभिप्राय कुठेही चिकटेल असा सर्वसाधारण असतो. पण अख्खा अहवालच तिकडे चिकटवला तर क्रमांकही येतात. म्हणून सूचनेत लिहा की दुसऱ्याचा अप्रकाशित अहवाल त्याच्या परवानगीशिवाय बाहेरच्या सेवेत टाकायचा नाही. हा नियम नक्कलीचा नाही, दुसऱ्याच्या लिखाणाचा आहे, आणि तसा सांगितला की पटतो.

चौघांचागट

गटाच्या प्रकल्पाला वर्कशॉप नका वापरू. तिथे प्रश्न 'अहवाल कसा आहे' हा नसतोच, 'कोणी किती काम केलं' हा असतो. त्यासाठी वेगळी साधनं आहेत: सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातलं टीममेट्स, जे फुकट आहे आणि विद्यार्थ्याला ईमेलवर दुवा जातो, किंवा लफबरो विद्यापीठातून आलेलं मुक्त स्रोत वेबपीए.

वेबपीएचा हिशोब हातानेही होतो. प्रत्येकजण गटातल्या सगळ्यांना, स्वतःसकट, गुण देतो. त्याने दिलेल्या एकूण गुणांपैकी कोणाला किती हिस्सा, एवढंच धरायचं. त्यामुळे एक सढळ नि एक कंजूष असला तरी प्रत्येकाने वाटलेले हिस्से मिळून १ च होतात. मग एका सदस्याला मिळालेले हिस्से मिळवायचे. ०.३०, ०.२८, ०.२७ आणि ०.२५ मिळाले तर घटक १.१०. गटाला ४० पैकी ३२ आणि सहाध्यायी भागाचं वजन निम्मं असेल, तर ३२ गुणिले (०.५ अधिक ०.५५), म्हणजे ३३.६. ज्याला ०.१५, ०.१७, ०.१८ आणि ०.२५ मिळाले त्याचा घटक ०.७५, गुण २८. शेवटचा ०.२५ त्याने स्वतःलाच दिलेला असतो, तो नजरेत भरतोच.

एखाद्याने फॉर्म भरलाच नाही तर उरलेल्या तिघांच्या हिश्शांची बेरीज ४ भागिले ३ ने गुणायची, नाहीतर एकाच्या आळसापायी अख्ख्या गटाचा घटक खाली येतो. न भरणाऱ्याला वेगळा दंड, आधी जाहीर करून. आणि हा फॉर्म दोनदा भरून घ्या: प्रकल्पाच्या मध्यावर बिनगुणांचा, शेवटी गुणांचा. बसून राहणाऱ्याला मध्यावरच कळलं तर उठायला वेळ असतो.

अर्धाखडू

पाच निकष, चार तपासनीस, तीन नमुने, बुधवारचं वाटप, २० अधिक २० अधिक १०. यावेळी असं लावतो. एकच राहिलं: गुणांवर हरकत आली तर?

क्रॉनचालू

निकाल लागल्यापासून सात दिवस. हरकत रुब्रिकच्या निकषाचं नाव घेऊनच घ्यायची, "कमी वाटतात" चालणार नाही. हरकत आली की तुम्ही पूर्ण अहवाल स्वतः तपासायचा आणि वर्कशॉपमध्ये ओव्हरराइड करून तोच आकडा अंतिम ठेवायचा, वर जावो की खाली. खाली जाऊ शकतात हे वाक्य सूचनेच्या पहिल्या ओळीत टाका.